आवडता पट आणि भरंवशाचा पट

माणसांच्या आवडी निरनिराळ्या असतात, आणि अशा निरनिराळ्या आवडीच्या लोकांना एकाच ठिकाणीं बसवून रिझविणें हें नाट्याचें काम आहे, ही गोष्ट कालिदासाच्या काळापासून सर्वमान्य आहे. चित्रपटालाही ती लागू पडते. एकाच घरांत वडिलांस 'संत तुकाराम' आवडावा, मुलास मारामारीचा पट आवडावा आणि सुनेस रहस्यकथा आवडावी, यांत नवल नाहीं व भांडणाचें कारणही नाहीं. कथापट आपणांस एवढेंच म्हणतो कीं, मी सांगतों ती गोष्ट घटकाभर खरी समजा. पडदा काळा झाला कीं तो करार संपला. अनुबोधपटाची मागणी याहून वेगळी असते. 'हें असें घडलें आहे, ही माणसें खरोखर आहेत, माझ्यावर विश्वास ठेवा,' असें तो म्हणतो, आणि घरीं गेल्यावरही आपण तो विश्वास सोडूं नये अशी त्याची इच्छा असते. म्हणून कथापटाच्या बाबतींत 'आवडला' किंवा 'नाहीं आवडला' हा निकाल पुरेसा होतो. अनुबोधपटाच्या बाबतींत तो पुरेसा होत नाहीं.

(अनुबोधपट हा शब्द हल्लीं मागें पडला असून 'माहितीपट' हा शब्द रूढ झाला आहे. आम्हांस जुनाच शब्द बरा वाटतो. माहिती पंचांगांतही असते.)

हा भेद उघड असूनही सुशिक्षित घरांतूनसुद्धां त्याची गल्लत होत आहे, म्हणून आम्ही हें लिहीत आहों. दीड तासाचा एक पट पाहून उठलेला विद्यार्थी एखाद्या देशाविषयीं, एखाद्या धर्माविषयीं किंवा एखाद्या युद्धाविषयीं असा ठामपणें बोलूं लागतो कीं, त्या विषयावरचे दहा ग्रंथ त्यानें पालथे घातले असावेत. 'हें कशावरून?' असें विचारलें तर 'मीं स्वतः पाहिलें' असें उत्तर येतें. वर्गांत हें उत्तर आम्हीं पुष्कळदां ऐकलें आहे. हाच विद्यार्थी पुस्तकाच्या बाबतींत इतका भोळा नसतो. लेखक कोण, कोणत्या पक्षाचा, कोणत्या सालचा, हें विचारण्याची संवय त्याला थोडीबहुत लागलेली असते. पण छापलेल्या वाक्यामागें लेखक दिसतो, तसा हालत्या चित्रामागें कॅमेरा धरणारा व कात्री चालविणारा मनुष्य दिसत नाहीं. आपल्याच डोळ्यांनीं आपण पाहिलें असें वाटतें. शिवाय पट सुंदर असला म्हणजे हा भ्रम अधिकच दृढ होतो.

आतां आमच्या आवडीविषयीं म्हणाल, तर ती सांगून टाकतों, म्हणजे पुढील मतें वाचतांना वाचकांस तिची वजावट करतां येईल. आम्हांस संथ पट आवडतात. निवेदकाचा आवाज जितका कमी तितका पट आम्हांस अधिक प्रिय. आणि कोठें रडावयाचें हें वाद्यवृंदानें सुचवावें, हें तर आम्हांस मुळींच सोसत नाहीं. माणसांचे हात काम करतांना पाहण्याची आम्हांस लहानपणापासून हौस आहे, मग ते हात कुंभाराचे असोत कीं खलाशाचे. म्हणूनच १९३६ सालीं इंग्लंडच्या टपालखात्यानें काढलेला 'नाइट मेल' हा सुमारें २४ मिनिटांचा पट आम्ही अनेकदां पाहिला आहे. लंडनहून स्कॉटलंडकडे रात्रीं धांवणारी टपालगाडी, एवढाच त्याचा विषय. शेवटीं ऑडेन या कवीनें चाकांच्या ठेक्यावर रचलेली कविता व बेंजामिन ब्रिटनचें संगीत. पत्रांची वांटणी करणारा डबा मात्र स्टुडिओंत उभारलेला होता, आणि गाडी हालते आहे असें भासावें म्हणून टपालनोकरांना मुद्दाम डुलावयास सांगितलें होतें! यामुळें आमचें प्रेम रतिमात्र उणें होत नाहीं. ते लोक खरोखर टपालखात्याचे होते, दाखविलेलें काम ते रोज रात्रीं करीत, आणि त्यांच्या डुलण्यामुळें कोणाविषयींही आपला खोटा ग्रह होत नाहीं.

रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या 'नॅनुक ऑफ द नॉर्थ' (१९२२) या पटाची गोष्ट इतकी सोपी नाहीं. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या इनुइट लोकांचें हें चित्र जगांतील पहिल्या मोठ्या अनुबोधपटांत गणलें जातें, व तें योग्यच आहे. त्यांतील बर्फाचें घर बांधण्याचा प्रसंग पाहतांना आम्ही अजून भान विसरतों. परंतु नायकाचें खरें नांव नॅनुक नव्हतें, अलाकारिआलाक होतें. त्याची पटांतली बायको ही त्याची बायको नव्हती. घराच्या आंतला देखावा टिपण्यापुरता उजेड मिळावा म्हणून अर्धें घर कापून उघडें ठेवलेलें होतें, आणि त्या उघड्यावरच ती मंडळी कपडे उतरून झोंपण्याचा अभिनय करीत होती. बंदुकीनें शिकार करणाऱ्या या माणसाच्या हातीं भाला दिला होता. ग्रामोफोनची तबकडी तो चावून पाहतो, तो विनोदही बसविलेला. म्हणजे यंत्रयुगाशीं ज्याचा परिचय झालेला आहे अशा मनुष्याला पडद्यावर आदिमानव करून उभें केलें. आणि पटाला भांडवल मिळालें तें त्याच मुलखांत कातड्यांचा व्यापार करणाऱ्या रेव्हियों फ्रेर या पेढीकडून. डुलणाऱ्या टपालनोकरांत आणि यांत हाच फरक आहे. तेथें युक्ति उजेडासाठीं व जागेसाठीं होती. येथें एका सबंध लोकसमूहाविषयीं आपली समजूत ठरविणारी गोष्टच बदलली गेली. फ्लॅहर्टीनें पुढें 'मॅन ऑफ ॲरन' (१९३४) मध्यें आयर्लंडच्या पश्चिमेकडील बेटावर हाच प्रयोग केला. तेथील कोळ्यांनीं प्रचंड शार्क माशांची शिकार कधींच सोडून दिलेली होती. ती पटासाठीं त्यांना पुन्हां शिकवावी लागली. चेहरे पाहून निवडलेलीं तीन माणसें एक कुटुंब म्हणून उभीं केलीं. लाटा अप्रतिम आहेत. पण बेटावरच्या दारिद्र्याचें कारण समुद्र एवढेंच दिसतें, आणि समुद्राला दोष दिला कीं कोणालाच जबाब द्यावा लागत नाहीं.

तरीही 'नॅनुक' आम्हांस आवडतो, व आवडत राहील. आवड ही एक गोष्ट, भरंवसा ही दुसरी. सौंदर्य व खरेपणा यांची फारकत किती दूरवर जाऊं शकते हें लेनी रीफेनश्टाल या बाईंच्या पटांत दिसतें. १९३४ च्या न्यूरेंबर्ग येथील नात्सी मेळाव्यावरील त्यांचा 'ट्रायंफ ऑफ द विल' १९३५ सालीं आला. त्यांतील कॅमेऱ्याची करामत आजही अभ्यासली जाते. पण इतक्या लांब पटांत शंका घेणारा एक चेहरा नाहीं, कंटाळलेला एक शिपाई नाहीं. लाखो माणसें एकत्र जमलीं असतां एकही मनुष्य जांभई देत नाहीं, याचा अर्थ ती जांभई कोणीतरी कापून टाकली आहे.

मग समतोल म्हणजे काय? येथें एक फसवी समजूत दूर सारली पाहिजे. दोन पक्षांना समान मिनिटें दिलीं म्हणजे समतोल झाला, असें पुष्कळांस वाटतें. वाण्याच्या तागडीची ही उपमा विचाराच्या क्षेत्रांत फारशी उपयोगी नाहीं. २०११ सालीं जनुकशास्त्रज्ञ प्रा. स्टीव्ह जोन्स यांनीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांची तपासणी करून अहवाल दिला. ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञांत बहुतेक एकमत झालेलें आहे, तेथेंही एक अनुकूल व एक प्रतिकूल अशीं दोन माणसें समोरासमोर बसवावयाचीं आणि त्याला निःपक्षपात म्हणावयाचें, या संवयीवर त्यांनीं नेमकें बोट ठेवलें. पृथ्वीचें तापमान वाढत आहे असें म्हणणारा एक व नाहीं म्हणणारा एक, असें पाहून घरीं बसलेल्या मनुष्याला वाटावयाचें कीं प्रकरण निम्में-निम्में आहे. हा समतोल नव्हे; ही जबाबदारी टाळण्याची रीत आहे.

समतोलाचा खरा नमुना पाहावयाचा तर मार्सेल ओफ्युल्स या दिग्दर्शकाकडे गेलें पाहिजे. हे गृहस्थ १९२७ सालीं जर्मनींत जन्मले. ज्यू घराणें असल्यामुळें १९३३ सालीं वडिलांबरोबर फ्रान्समध्यें पळाले, आणि फ्रान्स पडल्यावर तेथूनही पळून अमेरिकेस गेले. २०२५ च्या मे महिन्यांत वयाच्या ९७ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. ज्याचें बालपण नात्सींनीं असें उधळून लावलें, तो त्या काळाविषयीं तटस्थ असेल अशी अपेक्षा कोणीही करणार नाहीं. आणि ते तटस्थ नव्हतेच. तरीही १९६९ सालचा त्यांचा चार तासांहून अधिक लांबीचा पट, ज्याचें नांव मराठींत 'दुःख आणि दया' असें होईल, आमच्या मतें भरंवशाच्या पटांत अग्रगण्य आहे.

विषय असा. १९४० ते १९४४ या काळांत फ्रान्स जर्मनांच्या ताब्यांत होता, आणि मार्शल पेतँ यांचें सरकार विशी येथें होतें. विशीपासून फार दूर नसलेलें क्लेरमाँ-फेराँ हें एक शहर ओफ्युल्स यांनीं घेतलें व त्या चार वर्षांत तेथें कोण कसा वागला हें ज्याचें त्याच्याच तोंडून विचारलें. युद्धानंतर फ्रान्सनें आपली एक समजूत करून घेतली होती: थोडे फितूर वगळतां सारें राष्ट्र झुंजत होतें. या समजुतीस पटानें मोठा धक्का दिला. पण धक्का दिला तो कसा, हें पाहण्यासारखें आहे. दोघे शेतकरी बंधु आहेत. त्यांपैकीं एकाला शेजाऱ्यानें चुगली केल्यामुळें बुखेनवाल्डच्या छळछावणींत जावें लागलें. चुगली कोणीं केली हें त्याला ठाऊक आहे, आणि त्यानें सूड घेतला नाहीं. हें तो द्राक्षारसाचा पेला पुढें ठेवून, शेतीच्या गोष्टी बोलाव्या तसा बोलतो. एक दुकानदार आहे. आपलें आडनांव ज्यू वाटतें पण आपण ज्यू नाहीं, अशी जाहिरात त्यानें त्या वेळीं वर्तमानपत्रांत दिली होती. ओफ्युल्स त्याला त्याविषयीं विचारतात, आवाज न चढवितां पुन्हां विचारतात, आणि तो मनुष्य आपल्यापुढें हळूहळू लहान होत जातो. तेथें तैनात असलेला एक जर्मन अधिकारी आहे. मुलीच्या लग्नाच्या मेजवानींत, छातीवर पदकें लावून, तो जुन्या आठवणी काढतो. पुढें पंतप्रधान झालेले पिएर माँदेस-फ्रान्स आहेत. विशी सरकारच्या कैदेंतून निसटतांना आपण भिंतीवर चढलों तों खालीं झाडाजवळ एक प्रेमी युगुल, त्याची विनवणी आणि तिचे आढेवेढे संपेपर्यंत भिंतीवरच थांबावें लागलें, ही हकीकत ते अशा खुमासदारपणें सांगतात कीं, चार तासांच्या त्या काळोखांत आपण मोठ्यानें हंसतों.

आणि मग क्रिस्त्याँ द ला माझिएर येतात. फ्रेंच खानदानांतला हा मनुष्य स्वखुषीनें जर्मन एस्. एस्. चा गणवेश घालून लढला. अशा माणसाला सोपें सोंग देऊन दोन मिनिटांत निकालांत काढतां आलें असतें. ओफ्युल्स यांनीं त्याला झिग्मारिंगेनच्या किल्ल्यांत फिरवीत सावकाश बोलूं दिलें आहे. तो हुशार आहे, सभ्य आहे, आपण त्या वाटेला कसे लागलों हें तो नीट उलगडून सांगतो, आणि ऐकतां ऐकतां पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. कारण तो राक्षस वाटत नाहीं. तशा घरांत, तशा वयांत, त्या वर्तमानपत्रांवर वाढलेला आपला पुतण्याही तसाच बोलला असता. वाईट कृत्याला वाईट म्हणावयाचें, पण करणाऱ्याचें म्हणणें त्याच्या पूर्ण ताकदीनिशीं प्रेक्षकापुढें येऊं द्यावयाचें, याला आम्ही समतोल म्हणतों. त्यासाठीं दिग्दर्शकानें आपलें मत टाकून द्यावें लागत नाहीं. स्वतःच्या मताला अडचणीचा होईल असा साक्षीदार कापून न टाकण्याचा निग्रह मात्र लागतो.

या पटावरही आक्षेप आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. फ्रेंच सरकारी दूरचित्रवाणीनें तो विकत घेतला नाहीं. १९७१ सालीं तो पॅरिसच्या चित्रगृहांत लागला आणि दूरचित्रवाणीवर येण्यास १९८१ साल उजाडलें. दाखविण्यास विरोध करणाऱ्यांत आउश्वित्झहून जिवंत परत आलेल्या सिमोन वेय याही होत्या. ज्या सामान्य फ्रेंच लोकांनीं ज्यूंना लपविलें त्यांच्यावर हा पट अन्याय करतो, असें त्यांचें म्हणणें होतें. अशा बाईंचा आक्षेप झटकून टाकतां येत नाहीं. आम्हांस दुसरी एक उणीव अधिक खटकते. इतक्या लांब पटांत मोठी मुलाखत अशी एकाच स्त्रीची आहे, आणि तीही मार्शल पेतँ यांच्या भक्त असलेल्या एका केशरचनाकार बाईंची. रेशनच्या रांगेंत चार वर्षें उभ्या राहिलेल्या बायका कोठें गेल्या?

अमेरिकेंतील फ्रेडरिक वाइझमन यांचें उदाहरण थोडक्यांत सांगतों. १९६८ सालीं शिकागो येथें एका राजकीय पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळीं पोलिसांनीं निदर्शकांना झोडपून काढलें. पोलिसांचें खरें रूप दाखवावें या हेतूनें वाइझमन कॅन्सस सिटीच्या पोलिसांबरोबर गाडींत बसून हिंडूं लागले. त्यांतून 'लॉ अँड ऑर्डर' (१९६९) हा पट झाला. त्यांत वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून पकडलेल्या एका स्त्रीचा गळा आवळणारा पोलीस आहे. आणि हरवलेल्या एका लहान मुलीला सांभाळणारा पोलीसही आहे. हेतु एक धरून निघालेल्या माणसानें वाटेंत दुसरेंही दिसलें तें ठेवलें. निवेदक नाहीं, संगीत नाहीं. (आमच्या आवडीला हें मानवतें, म्हणून या ठिकाणीं वाचकांनीं थोडी वजावट करावीच.)

आपल्याकडे या प्रकाराचा आरंभ फार जुना आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें कुस्तीचें चित्रण केलें; आणि दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीं वाटाण्याचा वेल कसा वाढतो हें टिपून दाखविलें होतें. १९४८ सालीं फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाल्यावर सरकारी पटांचा ओघच सुरू झाला. चित्रगृहांत मुख्य पटाआधीं ते सक्तीनें दाखवीत. धरणें, कालवे, उद्घाटनें. आमच्या पिढीला त्या निवेदकाचा भारदस्त आवाज अजून आठवतो, आणि तो सुरू असतांना शेंगदाणे आणावयास बाहेर गेलेले प्रेक्षकही आठवतात. २०२२ सालीं ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. सरकारी पैसा म्हणजे प्रचार, असा सुशिक्षितांचा एक ठराविक शेरा आहे. तो बहुतेक वेळां खराही ठरला.

पण १९६७ सालीं याच संस्थेंत एस. एन. एस. शास्त्री यांनीं 'आय ॲम ट्वेंटी' हा जेमतेम वीस मिनिटांचा पट केला. १९४७ च्या ऑगस्टांत जन्मलेल्या, म्हणजे स्वातंत्र्याएवढ्याच वयाच्या मुलामुलींना देशभर हिंडून त्यांनीं बोलतें केलें. सरकारी वाढदिवसाचा पट म्हटल्यावर काय निघावयाचें हें आपण धरून चालतों. निघालें तें वेगळें. एकाला सारा देश डोळे भरून पाहावयाचा आहे. दुसरा, देशाविषयीं आपणांस फारसें प्रेम वाटत नाहीं असें शांतपणें सांगतो. पैसा सरकारचा, निमित्त सरकारचें, आणि हें वाक्य पटांत राहिलें. त्याच्या शेजारीं तें राहिलें म्हणूनच पहिल्याच्या उत्साहावरही आपला विश्वास बसतो. कातड्यांच्या व्यापाऱ्यानें पैसा दिला म्हणून 'नॅनुक' खोटा ठरत नाहीं, आणि सरकारनें दिला म्हणून हा पटही खोटा ठरत नाहीं; पटांत काय उरलें तें पाहावें लागतें.

यावर एक आक्षेप येईल, व तो गंभीर आहे. ज्याचें घर मोडलें, त्याच्या बाजूनें पट काढतांना समतोलाची भाषा कशाला? मोडणाऱ्यांच्या हातीं वर्तमानपत्रें आहेत, कचेऱ्या आहेत. एक पट तरी मोडलेल्यांचा असूं द्या. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' (१९८५) हा मुंबईच्या फूटपाथवर व झोपड्यांत राहणाऱ्यांवरचा पट पाहतांना हा आक्षेप आम्हांस फार जवळचा वाटतो. पट एका बाजूचा आहे, आणि तें तो लपवीत नाहीं. सुखवस्तु लोक आपापल्या दिवाणखान्यांतून गलिच्छपणाविषयीं बोलतात आणि लगेच पडद्यावर तोडलेल्या झोपड्या येतात. ही जुळवणी परिणामकारक आहे, पण सोपीही आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून ज्या अनेक कारणांनीं मुंबईंत गरिबाला भाड्याचें घर मिळेनासें झालें, त्यांचा हिशेब पट मांडीत नाहीं. साक्षीदारानें समतोल राखण्याचें कारण नाहीं. मोडलेल्या झोपडीपुढें उभ्या असलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणें निर्दयपणाचें आहे. ती अपेक्षा आम्ही करतों ती कात्री हातीं धरणाऱ्याकडून, मग त्याचा पक्ष आमचाच कां असेना.

आणि याच पटांत एक प्रसंग आहे. झोपडी गेलेली एक बाई पटवर्धनांवरच उसळते. तुम्ही येतां, आमचीं चित्रें काढतां, त्यावर नांव मिळवितां. आमच्या पदरांत काय पडणार, असा तिचा सवाल आहे. दिग्दर्शकापाशीं उत्तर नाहीं, आणि उत्तर असल्याचा आव त्यानें आणलेला नाहीं. पटांतील इतर कोणत्याही वाक्यानें नगरपालिकेला लागलें नसेल इतकें तें बोलणें त्याला स्वतःला लागलें असलें पाहिजे. तो तुकडा कात्रीखालीं गेला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता.

'आय ॲम ट्वेंटी' व 'हमारा शहर' हे दोन्ही पट एकाच रात्रीं, मुलांना बरोबर घेऊन, पाहून होतात. ओफ्युल्स यांच्या पटाचे दोन भाग आहेत. त्याला दोन रात्री द्याव्यात, आणि पहिल्या रात्रीनंतर त्या दुकानदाराविषयीं घरांत कोण काय म्हणतो तें ऐकावें.